हॉलिडे क्लबने फसवलं? ग्राहक आयोगात तक्रार करण्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची वाट

पेट्रोल पंपावर, मॉलच्या दारात किंवा प्रदर्शनात एक कूपन भरून घेतलं जातं. चार दिवसांनी फोन येतो: तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये निघालाय, नवरा-बायको दोघंही या, भेटवस्तू घेऊन जा. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-अडीच तास माहिती सांगितली जाते, शेजारच्या टेबलावर कुणीतरी सदस्य झालं म्हणून टाळ्या वाजतात आणि ‘ही किंमत फक्त आजच’ असं पुन्हापुन्हा ऐकवलं जातं. बाहेर पडताना कार्ड घासलेलं असतं आणि हातात पाच किंवा दहा वर्षांच्या सदस्यत्वाचा करार असतो. पुढे सुट्टीसाठी खोली मागितली की ‘त्या तारखा उपलब्ध नाहीत’, आणि पैसे परत मागितले की ‘रक्कम परत न करण्याच्या अटीवर तुम्ही सही केली आहे’.

अशा प्रकरणात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 कसा वापरायचा, याची ही वाट आहे. हॉलिडे क्लबचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. खोटी बक्षिसं, तोंडी आश्वासनं, एकतर्फी करार, कर्जावर केलेली विक्री असे फसवणुकीचे बरेच प्रकार त्यात एकत्र येतात. जिम, कोचिंग क्लास, वॉटर प्युरिफायर किंवा ऑनलाइन खरेदीची तक्रार असली तरी पायऱ्या याच आहेत.

सही झाल्यानंतरचे पहिले काही दिवस

घरी आल्यावर मनात शंका आली तर त्याच रात्री करार वाचा. सदस्यत्व रद्द करण्याची मुदत अनेक करारांत बारीक अक्षरात दिलेली असते. ती किती दिवसांची आणि कशी कळवायची, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. कुठलीही सेवा घेतल्यावर अमुक दिवसांत विनाकारण रद्द करता येईल, असा सर्वांना लागू होणारा हक्क या कायद्यात नाही. त्यामुळे करारात तशी मुदत असेल तर ती हातची घालवू नका. रद्द करत असल्याचं ईमेलने कळवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. फोनवर ‘हो, करतो रद्द’ म्हणणाऱ्यावर विसंबून राहिलेल्यांची मुदत सर्वांत जास्त वेळा टळते.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी हरकत नोंदवा आणि चार्जबॅक, म्हणजे कापलेली रक्कम बँकेमार्फत परत, मागा. त्याची मुदत कार्डाच्या प्रकारानुसार ठरते आणि ती थोडी असते. भेटवस्तू म्हणून दिलेलं व्हाउचर वापरू नका. सदस्यत्व रद्दच करायचं असेल तर त्यावर एकही सहल करू नका, कारण लाभ घेतल्याचा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच पानावर मांडतो.

क्लबने हप्त्यांवर पैसे घेतले असतील तर ते बहुतेकदा एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. रागाने हप्ते बंद करू नका, नाहीतर पतगुणांकन (क्रेडिट स्कोअर) घसरतं आणि वसुलीचे फोन सुरू होतात. वित्त कंपनीला वादाची लेखी कल्पना द्या. पुढे तक्रारीत तिलाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) करा आणि हप्ते थांबवण्यासाठी कलम 38(8) खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा.

कायद्यात बसवायचं कुठे

‘मला फसवलं’ एवढ्याने आयोगाचं काम भागत नाही. काय घडलं ते कायद्याच्या शब्दांना जोडून दाखवावं लागतं. हॉलिडे क्लबच्या प्रकरणात सहसा तीन गोष्टी लागू पडतात.

पहिली, कलम 2(47) मधली अनुचित व्यापारी प्रथा. सेवेच्या दर्जाबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल खोटं सांगणं यात येतं. भेट किंवा बक्षीस देऊ करून ते द्यायचा इरादाच नसणं किंवा किमतीत आधीच धरलेली वस्तू फुकट असल्याचं भासवणंही याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. लकी ड्रॉचं कूपन आणि ‘मोफत विमान तिकीट’ थेट इथे बसतं. बिल न देणं, सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत (मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत) परत न घेणं, ग्राहकाची खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं याही अनुचित प्रथाच आहेत.

दुसरी, कलम 2(11) मधली सेवेतील त्रुटी. पैसे घेतले, पण ठरलेली सेवा दिली नाही. तिसरी, कलम 2(28) मधली दिशाभूल करणारी जाहिरात. पत्रक, समाजमाध्यमावरची जाहिरात किंवा संकेतस्थळावरचा दावा तुमच्याकडे असेल तर ही जोडा.

एक बारकावा मात्र बरेच जण चुकवतात. कलम 2(46) मध्ये ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आहे आणि ‘रक्कम कधीही परत नाही’ ही अट वाचली की तीच वापरण्याचा मोह होतो. पण अन्याय्य कराराविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. लाख-दीड लाखाच्या वादासाठी मुंबईचा राज्य आयोग गाठण्यापेक्षा जिल्हा आयोगातच अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी या दोन पायांवर तक्रार उभी करावी. करारातली एकतर्फी अट त्या प्रथेचा भाग म्हणून दाखवता येते. मुख्य मागणी ‘करार अन्याय्य घोषित करा’ अशी ठेवली तर अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर तक्रार अडकते.

तुम्ही ग्राहक आहात का, हेही तपासा. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या गोष्टीची तक्रार इथे चालत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू, म्हणजे शिंप्याचं शिलाई मशीन किंवा चालकाची स्वतःची रिक्षा, याला अपवाद आहे. ऑनलाइन खरेदी आणि थेट विक्रीही कायद्यात आहे.

कागद जमवणे

तक्रारींचा निकाल बहुतेकदा इथेच लागतो. कलम 38(6) प्रमाणे आयोग शपथपत्र आणि कागदपत्रांवर प्रकरण ऐकतो. साक्षीदार उभा करून उलटतपासणी करण्याचा प्रसंग क्वचित येतो, म्हणून जे कागदावर नाही ते नसल्यातच जमा असतं.

मूळ करार, पावती, कार्ड किंवा खात्याचं विवरण, कूपन, निमंत्रणाचा एसएमएस, विक्री प्रतिनिधीने पॅडवर काढून दाखवलेले आकडे, सगळं ठेवा. तो पॅडचा कागद अनेकदा परत मागून घेतला जातो, त्यामुळे हॉलमध्येच त्याचा फोटो काढणं उत्तम.

विक्रेत्याने सांगितलेलं सगळं तोंडी असतं आणि करारात एक ओळ असते की तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत. यावर एक साधा, पण फार उपयोगी उपाय आहे. ते आश्वासन तुम्हीच लेखी नोंदवा: ‘दिनांक अमुक रोजी आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की वर्षातून सात दिवस महाबळेश्वर, गोवा किंवा केरळमध्ये कुठल्याही हंगामात खोली मिळेल आणि वेगळा देखभाल खर्च नाही. यात काही चूक असल्यास सात दिवसांत कळवावे.’ हा ईमेल सही झाल्यावर लगेच गेला तर त्याचं वजन मोठं. उत्तर आलंच नाही तर ते मौनही तुमच्या बाजूने दाखवता येतं.

सेवा मिळत नाही हे सिद्ध करायला मागणी लेखी हवी. फोनवर दहादा विचारण्यापेक्षा ईमेलवर तीन-चारदा मागा, वेगवेगळ्या हंगामातल्या तारखा द्या आणि प्रत्येक वेळी एक पर्यायही सुचवा. मग एक तक्ता करा: मागणीची तारीख, ठिकाण, हव्या असलेल्या तारखा, मिळालेलं उत्तर. फक्त दिवाळी किंवा 31 डिसेंबरच्या तारखा मागितल्या असतील तर ‘गर्दीचा हंगाम होता’ हे उत्तर समोरच्याला आयतं मिळतं.

व्हॉट्सॲपचे संदेश निवडक स्क्रीनशॉटने देऊ नका. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून छापा, त्यात नंबर आणि तारखा दिसू द्या आणि तो मोबाइल विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे, दिवाणी न्यायालयाइतकी काटेकोर नाही, पण हरकत घ्यायला समोरच्याला जागा कशाला ठेवायची?

सदोष वस्तूची तक्रार असेल तर ती वस्तू बाहेर दुरुस्त करून घेऊ नका. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालासाठी 45 दिवसांची मुदत असते आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते.

समोरचा नेमका कोण

फलकावरचं नाव ही कंपनी नसते. ‘अमुक हॉलिडेज’ या नावाविरुद्ध आदेश मिळाला तरी पुढे वसुली करताना त्या नावाचं बँक खातंच सापडत नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका, कायदेशीर नाव दिसेल. ती खासगी मर्यादित कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता मिळेल. पैसे कुणाच्या नावे कापले गेले तेही कार्डाच्या विवरणात पाहा. करार एका कंपनीचा आणि पैसे दुसऱ्याच संस्थेला, असं या धंद्यात बऱ्याचदा आढळतं. तसं असेल तर दोघांनाही सामनेवाले करा.

संचालकांची नावं सरसकट घालू नका. ज्याने करारावर सही केली किंवा लेखी आश्वासन दिलं त्यालाच, आणि त्याने काय केलं ते लिहून, सामनेवाला करावं. करारावर नवरा-बायको दोघांची सही असेल तर तक्रारही दोघांच्या नावे असावी.

या कंपन्या कार्यालयं फार पटकन बदलतात. त्यामुळे जुना पत्ता, नवा पत्ता, नोंदणीकृत पत्ता आणि ईमेल हे सगळं नमूद करा.

नोटीस

तक्रारीआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी पाठवा, कारण तुम्ही संधी दिली होती हे त्यातून दिसतं आणि कधीकधी प्रकरण तिथेच मिटतं. वकिलाची गरज नाही. एका पानात अशी लिहा:

‘आपल्या दि. … च्या कार्यक्रमात आम्हाला लकी ड्रॉचे बक्षीस देण्याच्या नावाखाली बोलावून सदस्यत्व क्र. … विकण्यात आले. त्यापोटी आम्ही दि. … रोजी रु. 1,20,000 दिले. सांगितलेले (अ), (ब), (क) हे लाभ मिळालेले नाहीत. दि. …, … व … रोजी खोली मागितली असता ती नाकारण्यात आली. ही अनुचित व्यापारी प्रथा व सेवेतील त्रुटी आहे. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रु. 1,20,000 खालील खात्यात परत करावेत, अन्यथा आम्ही ग्राहक आयोगात दाद मागू व त्याचा खर्च आपणावर राहील.’

शिवीगाळ नको, ‘पोलिसांत देऊ, बदनामी करू’ अशी धमकीही नको. स्पीड पोस्टाने पोहोच-पुराव्यासह पाठवा आणि ईमेलही करा. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न उघडता तसंच जपा.

नोटिशीनंतर क्लबचा गोड फोन येतो: सदस्यत्वाची वर्षं वाढवून देतो, एक सहल मोफत देतो, फक्त या कागदावर सही करा. त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कुठलाही दावा नाही’ असं लिहिलेलं असतं. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही करायची नाही.

1915 ची हेल्पलाइन आणि तिची मर्यादा

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मराठीत बोलता येतं, संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते. तिथून ती कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या, कुरिअरच्या किंवा उपकरणांच्या तक्रारी इथे बऱ्याचदा सुटतात, म्हणून हा मार्ग जरूर वापरा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते, हेही तक्रारीत नमूद करा.

पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनीने उत्तर दिलं नाही तर विषय तिथेच थांबतो. शिवाय हेल्पलाइनवर घालवलेल्या महिन्यांमुळे आयोगाची मुदत वाढत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ही वेगळी यंत्रणा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते 10 लाखांपर्यंत, पुन्हा तसंच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. 30 नोव्हेंबर 2023 ला त्याने ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 13 प्रकार सांगितले. खोटी घाई निर्माण करणं, न विचारता खरेदीत वस्तू घुसवणं, शेवटच्या पानावर जादा शुल्क दाखवणं आणि सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हे त्यातलेच. प्राधिकरण ग्राहकवर्गाच्या हितासाठी काम करतं. तुमचे वैयक्तिक पैसे आणि भरपाई हवी असेल तर आयोगाकडेच जावं लागतं.

कोणता आयोग, किती शुल्क, किती मुदत

आयोग ठरतो तो दिलेल्या मोबदल्यावरून, म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 50 लाखांहून जास्त आणि 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ही मर्यादा डिसेंबर 2021 च्या नियमांनी आली. मूळ कायद्यात जिल्ह्यासाठी 1 कोटीचा आकडा होता आणि जुन्या लेखांत तोच अजून दिसतो.

5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये.

2019 च्या कायद्याने केलेला सर्वांत मोठा फायदा म्हणजे तुम्ही राहता किंवा पोटापाण्यासाठी काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी नोएडाची असो की बंगळुरूची, साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात तक्रार करावी. त्यासाठी आधार कार्ड किंवा वीजबिल जोडा. करारात लवादाची अट (वाद खासगी लवादाकडेच न्यायचा) आहे म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मुंबईत आणि पुण्यासारख्या मोठ्या जिल्ह्यांत एकाहून जास्त आयोग आहेत, तेव्हा आपला भाग कुणाकडे येतो ते आधी विचारून घ्या.

मुदत दोन वर्षांची आहे, वादाचं कारण घडल्यापासून. नोटीस पाठवली, ईमेल सुरू होते, म्हणून ती वाढत नाही. उशीर झालाच तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं आणि प्रत्येक महिन्याचं कारण द्यावं लागतं. हॉलिडे क्लबच्या प्रकरणात कंपनी ‘पुढच्या हंगामात नक्की’ म्हणत दोन वर्षं काढते. विक्रीच्या तारखेपासूनच दिवस मोजा, म्हणजे धोका राहत नाही.

तक्रार लिहिणे

जिल्हा आयोगात तक्रार मराठीत चालते. टंकलिखित असावी. दहा-बारा पानांपेक्षा जास्त लागत नाहीत.

सुरुवातीला आयोगाचं नाव, तक्रारदाराचं आणि सामनेवाल्यांचं पूर्ण नाव-पत्ता (काही जिल्ह्यांत सामनेवाल्याला विरुद्ध पक्ष किंवा जाबदेणार लिहितात). मग तारखांची यादी, म्हणजे एका पानात काय कधी घडलं. त्यानंतर क्रमांक दिलेले परिच्छेद: तुम्ही ग्राहक कसे, व्यवहार काय झाला, काय सांगितलं गेलं, काय मिळालं नाही, कुठल्या कलमाखाली ते येतं, आयोगाला अधिकार कसा, मुदतीत कशी, अन्य कुठे दाद मागितली आहे का. प्रत्येक विधानापुढे कागदाचा परिशिष्ट क्रमांक द्या. एका परिच्छेदात एकच गोष्ट लिहा, कारण सामनेवाला परिच्छेदवार उत्तर देतो आणि गुंतागुंतीच्या परिच्छेदाला ‘नाकबूल’ एवढंच म्हणून सुटतो.

शेवटी मागण्या. त्या ढोबळ नसाव्यात. उदाहरणार्थ: (1) रु. 1,20,000 दिल्याच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत वार्षिक 9 टक्के व्याजासह परत. (2) मानसिक व शारीरिक त्रासाबद्दल रु. 25,000, (3) तक्रारीचा खर्च रु. 10,000, (4) सदस्यत्वापोटी पुढील देखभाल शुल्क मागण्यास मनाई, (5) ही अनुचित प्रथा बंद करण्याचा आदेश. सव्वा लाखाच्या व्यवहारात वीस लाखांची भरपाई मागितली तर फायदा काही होत नाही, उलट बाकीच्या खऱ्या मागण्याही फुगवलेल्या वाटू लागतात. जे मागितलं नाही ते मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. व्याज मागायला विसरलेल्या तक्रारी पुष्कळ असतात.

सोबत सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी विधान), शपथपत्र, कागदपत्रांची यादी आणि प्रती. मूळ कागद आपल्याकडे ठेवा, सुनावणीत मागितले तर दाखवायचे.

वकील बंधनकारक नाही. स्वतः किंवा अधिकारपत्र दिलेल्या व्यक्तीमार्फत प्रकरण चालवता येतं. आई-वडील इथे आणि मुलगा-मुलगी परदेशात अशा घरांत व्यवहार ज्याच्या नावे झाला तोच तक्रारदार हवा. मुलांनी अधिकारपत्रावर मदत करावी. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. मसुदा कुणाला दाखवायचा असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संघटना मार्गदर्शन करतात.

दाखल करणे

1 जानेवारी 2025 पासून ऑनलाइन दाखल करण्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. आधीचं ई-दाखिल त्यातच सामावलं. मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करा, राज्य आणि आयोग निवडा, पक्षकारांची माहिती भरा, पीडीएफ चढवा, शुल्क असेल तर भरा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा असावा, पानांना सलग क्रमांक असावेत. बहुतेक त्रुटी इथल्याच निघतात: पुसट प्रती, सही नसलेलं शपथपत्र, सामनेवाल्याचा अपुरा पत्ता. त्रुटी निघाली की संदेश येतो आणि ती ठरलेल्या मुदतीत दूर करावी लागते, म्हणून पोर्टल आठवड्यातून दोनदा उघडा. काही कार्यालयं छापील संचही मागतात. आयोगासाठी आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक या हिशेबाने किती लागतील ते प्रबंधक कार्यालयात विचारा.

सुनावणी

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण 21 दिवसांत ठरायला हवं. त्या मुदतीत ठरलं नाही तर ती दाखल झाली असं मानलं जातं. तुमचं म्हणणं न ऐकता ती फेटाळता येत नाही. या पहिल्या सुनावणीच्या दिवशी पाच मिनिटांत काय झालं, किती पैसे, कुठलं कलम, मुदतीत कशी, एवढं सांगता आलं पाहिजे.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी कैफियतीसाठी (तक्रारीला उत्तर देण्यासाठी) 30 दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी 15 दिवस. 45 दिवसांपुढे एकही दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी सांगितलं आहे. नोटीस बजावल्याची तारीख ट्रॅकिंगवरून काढा आणि 45 व्या दिवसानंतर कैफियत आली तर लेखी हरकत घ्या. ही एक तारीख पाहून ठेवल्याने प्रकरणाला कलाटणी मिळू शकते.

पुढे तुमचं पुरावा शपथपत्र, त्यांचं पुरावा शपथपत्र, दोन्हीकडचा लेखी युक्तिवाद, मग तोंडी युक्तिवाद. लेखी युक्तिवाद चार पानांत बसवा आणि त्यांच्या कैफियतीतली विसंगती पान क्रमांकासह दाखवा. दूर राहत असाल तर दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्यासाठी अर्ज करा.

कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं, वर्ष-दोन वर्षं धरून चला. अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की तारखाच पडत राहतात. तरी एकही तारीख चुकवू नका. गैरहजेरीमुळे तक्रार निकाली निघाली तर ती पुन्हा उघडायला सहसा राज्य आयोगात अपील करावं लागतं. प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) पोर्टलवर पाहून ठेवा.

मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर घाबरू नका. रक्कम, तारीख आणि मुदत चुकल्यास व्याज, हे तिन्ही लिहून आयोगासमोर नोंदवलं जाणार असेल तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं अनेकदा शहाणपणाचं असतं. हॉलिडे क्लब बुडण्याच्या मार्गावर असेल तर नक्कीच.

आयोगाशिवाय दुसरी दारं

वेष्टनावरच्या कमाल किमतीहून जास्त घेतले तर राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे जा. उपाहारगृहात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला मात्र हा नियम लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ठरवलं. सोन्याच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नसेल किंवा बीआयएस केअर ॲपवर तो जुळत नसेल तर भारतीय मानक ब्यूरो. फ्लॅटसाठी महारेरा किंवा ग्राहक आयोग यांपैकी एक निवडता येतं. संकेतस्थळच बनावट असेल आणि विक्रेत्याचा पत्ताच नसेल तर आयोगाचा उपयोग नाही. ताबडतोब 1930 वर सायबर तक्रार करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आदेशानंतर

आदेशात पैसे भरायला मुदत दिलेली असते. सामनेवाल्याला राज्य आयोगात अपील करायला 45 दिवस आहेत, पण त्यासाठी आदेशाच्या निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. म्हणून लहान रकमांत बरेच जण अपील न करता तडजोडीला येतात. अपील झालं तर राज्य आयोगातही हजर राहा, स्थगिती आहे का ते पाहा.

पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. कलम 71 खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली होते, म्हणजे बँक खातं किंवा मालमत्ता जप्त करता येते. कलम 72 खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25 हजार ते 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन्ही अर्ज करता येतात. कलम 72 च्या अर्जानंतर जामीनपात्र वॉरंट निघालं की पैसे लवकर हलतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कलम 71 साठी सामनेवाल्याच्या खात्याचा तपशील लागतो. तुम्ही पैसे पाठवलेलं खातं किंवा त्यांनी दिलेल्या जुन्या धनादेशाची प्रत इथे कामाला येते.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल तर वसुली थांबते. तेव्हा जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत निराकरण व्यावसायिकाकडे (त्या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या व्यक्तीकडे) आदेशाच्या प्रतीसह आपला दावा नोंदवावा लागतो.

दरखास्तीत सामनेवाला धनादेश घेऊन येतो आणि लगेच ‘रक्कम मिळाली’ अशी पुरसीस (आयोगाला द्यायचं लेखी निवेदन) मागतो. व्याज शेवटच्या तारखेपर्यंत धरलं आहे का ते मोजा, खर्चाची रक्कम त्यात आहे का पाहा, आणि धनादेश वटून पैसे खात्यात दिसल्यावर पुढच्या तारखेला पुरसीस द्या.